चिंचेची झोप आणि भयाची रात्र

मी इतिहासाचा विद्यार्थी. एम.ए. इतिहासातच केले आणि गेली तीस वर्षे औराद तालुक्याच्या या टोकाला, चिंताकीच्या परिसरात मास्तरकी केली. त्यांतली अलीकडची काही मुख्याध्यापक म्हणून. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला तेलंगणा, घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात उर्दू अशा मुलुखात इतिहासाच्या मास्तराला लिहिण्यासारखे विषय कमी नाहीत. तरी या वर्षी मी उंदीर, वटवाघूळ आणि वानर यांच्याविषयी लिहावयास बसलो आहे. कोणाला हा आगाऊपणा वाटेल. पण या लेखामागे एका मुलाचे देणे आहे, आणि ते देणे मला प्राणिशास्त्राच्या इतिहासाने दाखवून दिले. म्हणून आधी त्या मुलाची हकिकत सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघत, म्हणून मुलाला एका वसतिगृहात ठेवलेले. पहिला तास माझा. हजेरी चालू असतानाच त्याची मान कलायची. ‘हजर’ म्हणून बसला की पेंगायला लागायचा. पोरगा रात्री टीव्ही पाहत असणार, असे मी ठरवून टाकले. समजावले, रागावलो, शेवटी दाराशी उभे करू लागलो. उभ्याने झोपणारा मुलगा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वर्ग हसला. मीही हसलो असेन. संक्रांतीनंतर तो यावयाचा बंद झाला.

पुढे कितीतरी दिवसांनी त्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई बाजारात भेटली. मी सहज विचारले. ती म्हणाली, “मोठी पोरं बारक्यांना लय छळायची, सर. रोज मारायची असं न्हाई. पण कवा उठवतील, कवा मारतील, नेम नव्हता. ते पोरगं भिंतीला पाठ लावून रातभर बसून ऱ्हायाचं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी हरलेल्या उंदरांवरचा एक लेख मला वाचावयास दिला. त्यातला उंदीर मला ओळखीचा वाटला. त्या दिवसापासून या विषयाचे मिळेल ते वाचत आलो आहे. त्याचाच हा इतिहास.

* * *

या इतिहासाची सुरुवात चिंचेच्या झाडापासून होते. आमच्या शाळेच्या आवारात चिंच आहे. दिवेलागणीला तिची पाने जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. चिंच झोपली की तिच्याखाली बसू नये, असे घरातली म्हातारी माणसे सांगत. हीच गोष्ट दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्याने टिपून ठेवली. सिकंदराच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनिस याने आजच्या बहारीन बेटावर रात्री पाने मिटणारे झाड पाहिले. थिओफ्रास्टसने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याची नोंद घेतली. ते झाड चिंच असावे असे अभ्यासक मानतात. पाने कशाने मिटतात याची चौकशी मात्र कोणी केली नाही. सूर्य मावळला म्हणून मिटतात, यात विचारावयाचे काय?

विचारले ते द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने. त्याने लाजाळूसारखे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्य दिसत नव्हता, तरी पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. १७२९ साली पॅरिसच्या अकादमीपुढे ही नोंद आली. याचा अर्थ, वेळ सांगणारे काहीतरी झाडाच्या आतच होते.

हे ‘काहीतरी’ काय, ते कळावयास अडीचशे वर्षे गेली. १९५९ मध्ये फ्रान्झ हाल्बर्ग यांनी या आतल्या लयीला लॅटिन शब्दांवरून नाव दिले. त्याचा अर्थ ‘साधारण एका दिवसाची’. त्यातला ‘साधारण’ महत्त्वाचा. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते. थोडे पुढे, थोडे मागे धावते, आणि रोजचा सूर्य ते जुळवून देतो. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत हे घड्याळ बिघडवणारा जनुक शोधला. १९७२ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, या घड्याळाची जागा दाखवली. जेमतेम वीस हजार पेशींचा तो पुंजका आहे.

यंत्र कसे चालते तेही पुढे उलगडले. जनुक एक प्रथिन तयार करतो. ते साचत जाते आणि पुरेसे साचले की आपल्याच जनुकाचे काम थांबवते. मग ते हळूहळू विरते आणि जनुक पुन्हा मोकळा होतो. रहाटाचे गाडगे भरून वर यावे, रिकामे होऊन पुन्हा खाली जावे, तसे हे फिरते, आणि एका फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. या शोधाबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथपर्यंतच्या इतिहासात प्राणी एकटा आहे. एक सूर्य, एक प्राणी आणि त्याच्या डोक्यातले एक घड्याळ. पण प्राणी एकटा राहतो कुठे? कळप असतो, आई असते, वरचढ असतो. त्यांचा या घड्याळाशी काय संबंध, या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर आपल्याच दक्षिणेतून, मदुराईहून आले.

* * *

मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी भारतात जैवलयींच्या अभ्यासाचे मोठे केंद्र उभे केले. त्यांच्या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. गुहेच्या आतल्या, जिथे उजेड पोचत नाही अशा भागात एका वटवाघळाला पिंजऱ्यात ठेवले. गुहेत त्याचे भाईबंद राहत होते. ते संध्याकाळी बाहेर जात, पहाटे परतत. पिंजऱ्यातल्या कैद्याला ना सूर्य दिसत होता ना चांदणे; तरी त्याच्या फडफडीची वेळ थव्याच्या वेळेशी जुळलेली राहिली. जिथे दुसरे वटवाघूळ नाही अशा ठिकाणी मात्र कैद्याचे घड्याळ आपल्याच गतीने भरकटत गेले. थव्याच्या जाण्यायेण्यानेच तो दिवस मोजत होता.

दुसरा प्रयोग उंदरांवरचा. शेताच्या बांधात राहणारा इवलासा उंदीर आपण पेरणी-खळ्यात नेहमी पाहतो. १९८५ मध्ये विश्वनाथन आणि चंद्रशेखरन यांनी दाखवून दिले, की उजेड-अंधाराची कोणतीही खूण नसताना आई बारा तास जवळ आणि बारा तास दूर, एवढ्यावरच पिलांचे घड्याळ लागते. आई येते तो एक प्रहर, आई जाते तो दुसरा. हा निबंध ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला.

हे वाचले तेव्हा मला प्रथम तांडे आठवले. दसऱ्याला आई जाते ती उन्हाळ्यात परतते. पिलाचे घड्याळ आणि मुलाचे घड्याळ एकच, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माणसाचे मूल रोज सूर्य पाहते. पण संगत हीसुद्धा वेळ सांगणारी गोष्ट आहे, एवढे मदुराईने निश्चित केले. आता प्रश्न राहिला तो उलटा. जी संगत घड्याळ लावते, तीच वैरी झाली तर?

* * *

आज गावच्या कट्ट्यावरही ‘टेन्शन’ हा शब्द ऐकू येतो; त्याचा शास्त्रीय इतिहास १९३६ पासून सांगतात. त्या वर्षी माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी उंदरांवरची एक छोटी टिपणी प्रसिद्ध केली. थंडी, इजा, विष, काहीही सोसावयास लावा, उंदराच्या शरीरात ठराविक तीन गोष्टी दिसतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वाढतात, छातीतली रोगप्रतिकाराची ग्रंथी आकसते आणि जठरात व्रण पडतात. त्रास कोणताही असो, शरीराचे उत्तर एकच.

मूत्रपिंडावरच्या या ग्रंथींतून जे संप्रेरक रक्तात येते, त्याला माणसात कॉर्टिसॉल म्हणतात. त्याला उगाच बदनाम करू नये. त्याचे खरे काम रोजचेच आहे. पहाटे ते चढू लागते, जाग येण्याच्या सुमारास शिगेला पोचते, शरीराला कामाला लावते. मग दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होते. भय वाटले की मात्र हेच संप्रेरक अवेळी धावून येते. वाघ दिसला तर ते यावयासच हवे. वाघ गेला की ते ओसरते. अडचण होते ती वाघ घरातच राहावयास आला तर. मग सकाळचा चढ आणि रात्रीचा उतार या दोहोंतले अंतर कमी होऊ लागते. चढ-उताराची वाट सपाट होते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात १९९० च्या दशकात पीटर मीर्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट उंदराच्या अंगातल्या तापमानावर मोजली. उंदराच्या पोटात एक छोटे यंत्र बसवलेले. ते रात्रंदिवस तापमान आणि हालचाल कळवत राहते. मग या उंदराला एका दांडग्या, आक्रमक नराच्या पिंजऱ्यात थोडा वेळ सोडावयाचे. तो यजमान याला चीत करतो. हरलेल्याला पुन्हा आपल्या पिंजऱ्यात आणून ठेवावयाचे. झाले एवढेच. पण त्यानंतर कित्येक दिवस त्याच्या शरीराची दिवसरात्र विसकटलेली दिसली. उंदीर रात्री जागणारा प्राणी. दिवस हा त्याचा विश्रांतीचा काळ. हरलेल्या उंदराचे अंग विश्रांतीच्या काळातही पुरेसे निवत नव्हते, आणि जागण्याच्या काळात तो पूर्वीसारखा हिंडत-फिरत नव्हता. झोप पुरती झोप नाही, जाग पुरती जाग नाही. अमेरिकेतही टॉर्नात्स्की आणि मिचेक यांना १९९३ मध्ये अशीच लक्षणे दिसली होती. त्यांच्या उंदरांना अधूनमधून, थोडाच वेळ असा सामना करावा लागे, तरी लय दीर्घकाळ बिघडलेली राहिली.

यातली बारीक मेख पुढे आहे. १९९८ मध्ये मीर्लो आणि डान यांनी तपासले, की या मारामारीने मेंदूतल्या घड्याळाचे काटे पुढेमागे सरकतात का. सरकत नाहीत, असे आढळले. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होते. शरीर त्याचे ऐकत नव्हते. शाळेची घंटा वेळेवर वाजावी आणि वर्ग भरूच नये, तसे. पुढे २०१४ मध्ये जर्मनी आणि स्वीडनच्या संशोधकांनी यात भर घातली. उंदरांना एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा असे छळले, आणि तेही त्यांच्या जागण्याच्या वेळी, तर मेंदूतल्या मुख्य घड्याळापर्यंतही परिणाम पोचतो. विश्रांतीच्या वेळी छळले तर तसे दिसले नाही. म्हणजे छळ किती झाला याबरोबर तो कोणत्या प्रहरी झाला, यालाही महत्त्व आहे.

भिंतीला पाठ लावून बसलेला माझा विद्यार्थी मला या ठिकाणी दिसला. त्याला रात्र केव्हा झाली हे कळत नव्हते असे नाही. कळत होते. पण त्याच्या अंगात रात्र उतरत नव्हती. आणि सकाळी जेव्हा अंगाने चढावयाचे, तेव्हा ते माझ्या तासाला दाराशी उभे राहून पेंगत होते.

* * *

पिंजऱ्यातल्या उंदराचे झाले; रानात काय होते? आपल्याच राज्यात धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हनुमान वानरांचे कळप पाहिले, आणि नवा नर कळप बळकावतो तेव्हा तान्ह्या पिलांना मारतो ही नोंद जगापुढे ठेवली. वानरांच्या संसारातील शांती ही आपली समजूत आहे, हे तेव्हा ध्यानात आले. पण त्या संसाराचा ताण रक्तात मोजला तो आफ्रिकेत, रॉबर्ट सापोल्स्की यांनी.

सापोल्स्की १९७८ पासून केनियात बबून वानरांच्या मागे हिंडत. गुंगीचे औषध असलेला बाण फुंकून वानर झोपवावयाचे आणि रक्त घ्यावयाचे. हे काम ते सकाळच्या ठराविक वेळातच करीत. कारण संप्रेरकाचा रोजचा चढ-उतार लक्षात न घेता मोजले, तर भय कोणते आणि प्रहर कोणता हे वेगळे करता येणार नाही. मग दिसले असे. कळपातली उतरंड पक्की असते तेव्हा खालच्या नरांच्या रक्तात हे संप्रेरक एरवीही चढलेले असते. बबूनला दिवसातून थोडा वेळ पोटासाठी पुरतो. उरलेला वेळ एकमेकांना छळावयास मोकळा. मात्र उतरंड डळमळली की वरच्यांचीही झोप उडते. जागा टिकवण्याची धास्ती गादीवर बसलेल्यालाही असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही.

याच अभ्यासात पुढे एक विलक्षण घटना घडली. एका कळपातले दांडगे नर पर्यटकांच्या निवासाजवळच्या उकिरड्यावर जाऊन दुसऱ्या कळपाशी भांडत आणि खात. १९८० च्या दशकात तिथल्या दूषित मांसातून क्षयाची साथ आली आणि हे दांडगे मेले. मागे राहिले ते मवाळ नर आणि माद्या. कळपाची रीत बदलली. मारहाण कमी, अंग साफ करून देणे जास्त. वर्षे गेली, ते मवाळ नरही गेले, बाहेरून नवे तरुण नर आले. पण त्यांनीही इथली रीत उचलली. आणि या कळपातल्या खालच्या नरांत ताणाची ती नेहमीची लक्षणे दिसेनात. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी २००४ मध्ये हे प्रसिद्ध केले. उतरंड मोडली नव्हती. फक्त खालच्याला रोज चिरडावयाचे नाही, एवढेच ठरले होते. तेवढ्याने रक्त बदलले.

* * *

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे येतो.

भय बाहेरचे असेल तर प्राण्याला वेळ बदलून वाचता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांचा हिशेब मांडला आहे; माणसाचा वावर वाढला तिथे प्राणी रात्रीचे जास्त हिंडू लागले, सरासरी १.३६ पट. अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या उसात राहणारे बिबटे दिवसा घरांपासून लांब राहतात आणि रात्री घराजवळून जातात, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. दिवस माणसाचा, रात्र बिबट्याची. अशी वाटणी होऊ शकते.

भय आपल्याच जातभाईचे असेल तर? वैरी त्याच वेळी जागा असतो. मोकळ्यावर राहणाऱ्या उंदरांत पाहिले आहे, की चांगली वेळ, म्हणजे अंधार पडल्यानंतरची, वरचढ घेतात. दुबळा उंदीर भर दिवसा, मांजर-कुत्र्यांच्या तोंडी, उरलेल्या वेळी खातो. आणि पिंजऱ्यात ही उरलेली वेळही नसते. तिथे मग लयच सपाट होते.

ही ‘उरलेली वेळ’ वाचून मला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या १९३२ सालच्या जातिसंस्थेवरील ग्रंथातली नोंद आठवली. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी पुण्याच्या वेशीत येण्यास मनाई होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. सकाळ आणि संध्याकाळ, म्हणजे दिवसाचे गारव्याचे प्रहर, वरच्यांनी घेतले. खालच्यांना माथ्यावरचे ऊन ठेवले. माणसाची तुलना उंदराशी करण्यात मोठा धोका आहे, हे मी जाणतो. उंदराने ठरवून कोणाचे प्रहर काढून घेतलेले नाहीत. माणसाने ते हुकूम काढून घेतले. म्हणूनच उंदराला दोष देता येत नाही, आणि माणसाला द्यावा लागतो. पण हुकूम माणसाचा असला तरी तो सोसणारे शरीर शेवटी प्राण्याचेच असते. आपण इतिहासात जमीन कोणी घेतली, वतन कोणी घेतले हे लिहितो. झोप कोणी घेतली हे लिहीत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे लिहिण्याचे कारण आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांचा धुमाकूळ होता. मे महिन्यात बसवकल्याणकडच्या गोरट्यात मोठे हत्याकांड झाले. माझी आजी सांगे, की त्या पावसाळ्यात बायका-मुले दिवसा गावात आणि रात्री उभ्या पिकात असत. मूल रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवून बायका बसत. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. गाव सुटले. पण आजी म्हणे, “पोलीस ॲक्शन झाली तरी लय दिस डोळा लागला न्हाई. रात झाली की अंग आपोआप जागं व्हायाचं.”

एवढे सांगून ती थांबत नसे. तेवढ्याच आवाजात पुढचेही सांगे, की आपली झोप परत येऊ लागली तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमानांची गेली. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्या जोडीला आमचे बिदर होते. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. आजीला अहवाल ठाऊक नव्हता. तिला पलीकडच्या गल्लीत रात्रभर जळणारी चिमणी ठाऊक होती. दोन्ही गल्ल्यांतली माणसे आपल्याच गावची होती, एकाच आडावर पाणी भरणारी. वाघाचे भय असते तर दोघांनी मिळून जागता पहारा ठेवला असता. शेजाऱ्याचे भय होते, म्हणून प्रत्येक जण आपापल्या भिंतीला पाठ लावून बसला.

* * *

एवढ्या वाचनाने मी काय शिकलो, असे कोणी विचारले तर उत्तर फार मोठे नाही. भय डोक्यातल्या घड्याळाला सहजासहजी मोडत नाही. ते शरीराची रात्र काढून घेते. आणि ही रात्र औषधाने नव्हे, तर वरचढाचा हात थांबला की परत येऊ लागते. त्या बबूनांच्या कळपाने हे दाखवले.

ते कळल्यावर मी दोन सहकाऱ्यांना घेऊन त्याच वसतिगृहात रात्री साडेनऊला गेलो. तिथल्या प्रमुखांशी वाद न घालता एवढीच विनंती केली, की आठवी-नववीच्या मुलांची झोपण्याची खोली वेगळी असावी आणि तिला आतून कडी असावी. दोन-तीनदा जावे लागले. कडी बसली. शाळेत एक रीत पाडली, की पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला उभे करावयाचे नाही, मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावून विचारावयाचे, “रात्री कुठं झोपलास? शेजारी कोण होतं?” किती झोपलास असे विचारले तर मुले खोटे सांगतात. कुठे आणि कोणाजवळ, हे विचारले की हळूहळू खरे बाहेर येते. कधी उत्तर साधे असते, घरात लग्न होते, रात्रभर वाजंत्री होती. कधी बाप पिऊन येतो. कधी मूल काहीच बोलत नाही, आणि तेच उत्तर असते.

तो मुलगा पुन्हा दिसला नाही. तांड्यावर दोनदा गेलो. कुटुंब कारखान्याकडेच राहिले असे कळले. आता तो पंचविशीचा असेल. भेटला तर माफी मागावी असे मनात आहे. पण मास्तराने माफी मागितली की माणसे उलट आपल्यालाच अवघडल्यासारखी होतात, हेही ठाऊक आहे.

गेल्या जूनमध्ये आठवीत नव्याने आलेली एक मुलगी हजेरीतच बाकावर डोके ठेवून झोपली. शेजारची तिला कोपराने ढोसू लागली. मी खुणेने नको म्हटले आणि मुलांना धडा मनातल्या मनात वाचावयास सांगितला. ती मधल्या सुट्टीपर्यंत झोपली. घंटा झाली तशी दचकून उठली, आणि आता उभे करणार या भयाने माझ्याकडे पाहू लागली. तिला मी बाहेर चिंचेखाली नेले. भर दुपार होती, चिंचेची पाने सगळी उघडी होती. मी विचारले, “बाळ, रात्री कुठं झोपलीस?” ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग सांगू लागली.